नगरपित्यांवांचून नगरें

एकत्र कुटुंबांत ज्यांचें आयुष्य गेलें आहे, त्यांस एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागत नाहीं. घरांत मतभेद कितीही असोत, वडील भावाचें धाकट्याशीं पटो वा न पटो, दुपारच्या पानांची वेळ, कुळधर्माची तिथि आणि वाण्याच्या उधारीचा हिशेब ह्या तीन गोष्टी कोणाच्या लहरीवर सोडून चालत नाहीं. ज्या घरांत त्या तशा सुटतात, तें घर बाहेरून कितीही रंगविलेलें असलें तरी आंतून खचूं लागलें आहे असें खुशाल समजावें. राज्याचेंही तसेंच आहे. सत्तेवर कोणता पक्ष असावा ह्याविषयीं सज्जनांत मतभेद असणारच. परंतु कांहीं तिथी अशा असतात कीं, सत्तेवर कोणीही असो, त्या पाळावयाच्याच असतात. लोकांनीं निवडून दिलेल्या सभेची मुदत संपण्याची तिथि ही त्यांपैकीं एक होय.

आमच्या महाराष्ट्रांत ही तिथि चुकली. एखाद्या महिन्यानें नव्हे, तर कोठें पावणेचार वर्षांनीं, तर कोठें पांच वर्षांहूनही अधिक काळानें. चुकली ती एका गांवाची नव्हे, तर राज्यांतील जवळजवळ सर्व मोठ्या शहरांची. आणि ह्या प्रकाराचें आम्हांस जेवढें दुःख झालें, त्याहून अधिक आश्चर्य ह्याचें वाटलें कीं, घरोघरीं राजकारणाची चर्चा रात्रंदिवस चालू असूनही ह्या गोष्टीवर कोणी फारसें बोललें नाहीं.

प्रथम कायदा काय सांगतो तें पाहूं. राज्यघटनेची ७३ वी व ७४ वी दुरुस्ती १९९२ सालीं संमत झाली व १९९३ सालीं अंमलांत आली. तिनें ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या संस्थांस घटनेंत स्थान दिलें. तत्पूर्वीं ह्या संस्था राज्य सरकारच्या मर्जीवर जगत. मंत्र्यांच्या मनांत आलें कीं सभा बरखास्त होई आणि वर्षानुवर्षें निवडणूक होत नसे. हा अनुभव लक्षांत घेऊनच कलम २४३-ई आणि २४३-यू ह्यांत स्पष्ट लिहून ठेवलें कीं, ह्या संस्थांची मुदत पांच वर्षांची, त्याहून अधिक नाहीं. आणि पुढील निवडणूक ही मुदत संपण्यापूर्वींच पुरी झाली पाहिजे. एखादी सभा मध्येंच बरखास्त करावी लागली, तरी सहा महिन्यांच्या आंत नवी निवडणूक झालीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणांत आणि पुन्हां मे २०२२ मध्यें मध्य प्रदेशाच्या प्रकरणांत हीच गोष्ट निक्षून सांगितली. म्हणजे येथें अर्थाचा घोळ घालावयास जागाच नाहीं. मजकूर इतका सरळ आहे कीं, मराठी चौथींतील मुलासही तो समजावा.

आतां प्रत्यक्षांत काय झालें तें पाहा. औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर), नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली आणि कोल्हापूर ह्या पांच महानगरपालिकांची मुदत २०२० सालांतच संपली. त्या वर्षीं महामारीचा कहर होता, तेव्हां थोडें थांबणें क्षम्य होतें. मुंबईची मुदत ७ मार्च २०२२ रोजीं संपली, आणि त्याच महिन्यांत पुण्यासारख्या शहरांची व बहुतेक जिल्हा परिषदांचीही. तेथून पुढें ह्या सर्व ठिकाणीं सरकारनें नेमलेला प्रशासक बसला. अखेर २९ महानगरपालिकांचें मतदान झालें तें १५ जानेवारी २०२६ रोजीं. वर सांगितलेल्या पांच शहरांत तर लोकांची एक संपूर्ण मुदत, पांच वर्षांची, कोरीच गेली. १९९७ च्या मे महिन्यांत जन्मलेला नवी मुंबईचा एखादा तरुण घ्या. एप्रिल २०१५ मध्यें तेथें निवडणूक झाली, तेव्हां तो अठरा वर्षांचा व्हावयास महिना कमी होता. त्यानंतर त्यास आपल्या नगराचा प्रतिनिधि निवडण्याची पहिली संधि मिळाली ती वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं. दरम्यान त्याचें शिक्षण झालें, नोकरी लागली, कदाचित् लग्न होऊन मूलही झालें असेल. परंतु शहराच्या कारभाराविषयीं त्याचें मत कोणीं विचारलें नाहीं.

कोणी म्हणेल, निवडणूक घेण्यासारखी परिस्थितिच नव्हती. तसें असतें तर आम्ही मुकाट्यानें मान डोलावली असती. परंतु ह्याच काळांत, एप्रिल-मे २०२४ मध्यें, लोकसभेची निवडणूक राज्यभर झाली. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं विधानसभेच्या सर्व २८८ जागांचें मतदान एका दिवसांत उरकलें. तेच मतदार, त्याच शाळांचे वर्ग, तेच शिक्षक व कारकून मतदान-केंद्रांवर. दिल्लीस आणि मुंबईच्या विधानभवनांत माणसें पाठवावयाची तेव्हां सर्व कांहीं वेळेवर जमतें. दारापुढील गटाराची व्यवस्था पाहणारा माणूस निवडावयाचा तेव्हांच कांहीं जमत नाहीं, हें कसें?

ह्या दिरंगाईचीं कारणें काय होतीं, हें आम्ही निःपक्षपातानें मांडूं इच्छितों; कारण दोष एकाच्या माथीं मारून मोकळें होणें सोपें असलें तरी तें न्यायाचें नाहीं. इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांसंबंधीं सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं एक कसोटी सांगितली होती. स्वतंत्र आयोग नेमून माहिती गोळा करावी, प्रत्येक संस्थेपुरतें प्रमाण ठरवावें, आणि सर्व मिळून राखीव जागा निम्म्याहून अधिक होऊं नयेत. ही माहिती जमविण्यास राज्याजवळ अकरा वर्षें होतीं. ह्या अकरा वर्षांत राज्यावर निरनिराळ्या पक्षांचीं सरकारें येऊन गेलीं. माहिती कोणीही जमविली नाहीं. ४ मार्च २०२१ रोजीं न्यायालयानें त्याच कसोटीवर महाराष्ट्राच्या तरतुदींस कात्री लावली, तेव्हां धांवपळ सुरू झाली. सप्टेंबर २०२१ मध्यें वटहुकूम निघाला. डिसेंबरांत न्यायालयानें तो स्थगित केला. मार्च २०२२ मध्यें माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया ह्यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमला गेला आणि त्यानें चार महिन्यांत अहवाल दिलाही. जें काम चार महिन्यांत होऊं शकतें तें अकरा वर्षें पडून राहिलें, ह्यास काय म्हणावें?

जुलै २०२२ मध्यें न्यायालयानें वाट मोकळी केली. परंतु तोंवर राज्यांत सत्तांतर झालें होतें. आधींच्या सरकारनें मुंबईच्या जागा २२७ वरून २३६ केल्या होत्या व त्याप्रमाणें प्रभागांच्या सीमा आंखल्या होत्या. नव्या सरकारनें ऑगस्टांत त्या पुन्हां २२७ वर आणल्या. त्यावरून नवे वाद उभे राहिले, आणि त्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें परिस्थिति 'जैसे थे' ठेवण्याचा आदेश दिला. पुढें जवळजवळ पावणेतीन वर्षें तारखांवर तारखा पडत गेल्या. शेवटीं ६ मे २०२५ रोजीं न्यायालयानें सांगितलें कीं, बांठिया अहवालापूर्वीं जें आरक्षण होतें तेंच धरून निवडणुका घ्या. त्यासही पुढें मुदतवाढ घ्यावी लागली, आणि ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मर्यादा ठरली. तेव्हां ह्या विलंबांत दोन्ही आघाड्यांचीं सरकारें आणि न्यायालयांतील दिरंगाई ह्या सर्वांचा वांटा आहे. परंतु इतर दोघांपेक्षां सरकारची जबाबदारी आम्ही अधिक मानतों. कारण शेतकऱ्याचें पीक बुडालें तर पावसाला दोष देतां येतो, पण बियाणें वेळेवर आणलेंच नसेल तर पावसाचें नांव घेण्यांत अर्थ नाहीं.

आमच्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसास ह्या प्रकरणांत सर्वांत अधिक खुपते ती नियमांची धरसोड. महानगरांत एका प्रभागांतून किती प्रतिनिधि निवडावेत, ह्या एकाच प्रश्नाचा इतिहास पाहा. मुंबई सोडून इतरत्र २००२ सालीं तिघांचा प्रभाग होता. २००७ सालीं एकाचा झाला. २०१२ सालीं दोघांचा. २०१७ सालीं चौघांचा. २०१९ च्या अखेरीस पुन्हां एकाचा करावयाचें ठरलें. २०२१ मध्यें तिघांचा. २०२२ मध्यें फिरून चौघांचा. नगराध्यक्ष लोकांनीं थेट निवडावा कीं सभासदांनीं, ह्याचीही तीच गत: २०१६ मध्यें थेट, २०२० मध्यें सभासदांमार्फत, २०२२ मध्यें पुन्हां थेट. सरपंचाच्या बाबतींतही २०१७, २०२० आणि २०२२ ह्या तीन वर्षीं हेंच झालें. ह्यांपैकीं कोणती पद्धति चांगली, ह्यावर विद्वानांत वाद होऊं शकेल, आणि दोन्ही बाजूंस बोलण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु पद्धति जी कोणती असेल ती दोन-तीन निवडणुका तरी टिकली पाहिजे. त्याशिवाय तिचे गुणदोष कळणार कसे? खेळतांना ज्याची पाळी येईल त्यानें सारीपाटाचीं घरें नव्यानें आंखावयाचीं, असा खेळ कोणत्याही घरांतलीं मुलें खेळणार नाहींत. आणि खेळलींच, तर वडील माणसें त्यांना पट गुंडाळून ठेवावयास सांगतील.

ह्या धरसोडीचा परिणाम मतदारावर काय होतो? चार सभासदांच्या प्रभागांत एका मतदारास चार मतें द्यावयाचीं असतात. पुण्यास २०२६ सालीं ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडावयाचे होते. म्हणजे एकेक प्रभाग एखाद्या लहानशा शहराएवढा. नळास पाणी आलें नाहीं तर ह्या चौघांपैकीं कोणाच्या दारीं जावयाचें? पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवितो, दुसरा तिसऱ्याकडे. जबाबदारी चौघांत वांटली गेली कीं ती कोणाचीच राहत नाहीं, हें ज्या घरांत चार जावा आणि एक दूध तापवावयाची कासंडी आहे, तेथें निराळें सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट. प्रभागांच्या सीमा आंखण्याचें काम पूर्वीं राज्य निवडणूक आयोगाकडे होतें. मार्च २०२२ मध्यें विधिमंडळानें कायदा बदलून तें राज्य सरकारच्या हातीं घेतलें. त्या वेळीं सभागृहांत एरव्हीं एकमेकांचें तोंड न पाहणारे पक्ष एका सुरांत बोलले, आणि विधेयक एकमतानें संमत झालें. परस्परांवर रोज चिखलफेक करणाऱ्या ह्या मंडळींत एकमत कोणत्या प्रश्नावर होतें हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आतां प्रशासकाविषयीं. आमच्या ओळखीचे कित्येक सुशिक्षित गृहस्थ असें म्हणतात कीं, 'नगरसेवक नव्हते तेंच बरें होतें. ठेक्यांतली टक्केवारी नाहीं, सभागृहांतला गोंधळ नाहीं. शिकलासवरलेला अधिकारी बसला होता. कामें होत होतीं.' हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. कित्येक नगरसेवकांच्या वर्तनामुळें लोकांस त्यांचा वीट आला आहे, हें कबूल केलें पाहिजे. आणि प्रशासकांतही सचोटीनें राबणारे अधिकारी असतात, हेंही आम्ही आनंदानें मान्य करतों. परंतु प्रश्न माणसाच्या गुणांचा नाहीं, व्यवस्थेचा आहे. एरव्हीं महानगरपालिकेचा आयुक्त खर्चाचा प्रस्ताव मांडतो, स्थायी समिति तो तपासते, आणि सर्वसाधारण सभा त्यावर चर्चा करून संमति देते. प्रशासकाच्या काळांत हे तिन्ही अधिकार एकाच्या हातीं आले. मागणारा तोच, तपासणारा तोच, मंजूर करणारा तोच. मुंबईचें २०२४-२५ चें अंदाजपत्रक सुमारें ५९,९५४ कोटि रुपयांचें होतें, आणि २०२५-२६ चें सुमारें ७४,४२७ कोटींचें. हा आंकडा गोवा राज्याच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या दुपटीहूनही मोठा आहे. एवढी रक्कम लोकांच्या एकाही निवडलेल्या प्रतिनिधीच्या प्रश्नास तोंड न देतां मंजूर झाली. मुनीम कितीही प्रामाणिक असला, तरी चोपड्या पाहावयास मालकानें पेढीवर बसूंच नये असें कोणता व्यापारी म्हणेल? आणि हा मुनीमही आपण नेमलेला नव्हता. त्यास नेमणारें व बदलणारें राज्य सरकार होतें. त्याचे डोळे स्वाभाविकच आपल्या आळीकडे नव्हेत, तर मंत्रालयाकडे लागलेले असावयाचे.

ह्याचा अनुभव आमच्या आळीस आला तो सांगतों. दोन पावसाळ्यांपूर्वीं नळाच्या पाण्यास घाण वास येऊं लागला. आमच्या शेजारच्या एक वृद्ध बाई, ज्यांनीं सारें आयुष्य एका मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक सांभाळण्यांत घालविलें, त्यांनीं पाणी बाटलींत भरून कचेरींत नेलें. तेथील अभियंत्यानें तें पाहिलें, नांव लिहून घेतलें. पुढच्या महिन्यांत त्याची बदली झाली. मग नातवानें भ्रमणध्वनीवर तक्रार नोंदविली. आठ दिवसांनीं उत्तर आलें कीं, तक्रारीचें निवारण झालें आहे. पाणी मात्र तसेंच. 'पूर्वीं निदान आपल्या नगरसेवकाच्या दारांत जाऊन बसतां तरी येत होतें. त्याला मतांची भीति असे,' असें त्या बाई म्हणाल्या. राज्यशास्त्राचें एकही पुस्तक न वाचतां त्यांनीं लोकशाहीचें मर्म एका वाक्यांत सांगितलें. अखेर जलवाहिनी दुरुस्त झाली, पण तोंवर दोन महिने आळींतलीं निम्मीं घरें पाणी उकळून पीत होतीं, आणि ज्यांना परवडत होतें तीं विकत घेत होतीं. घरपट्टीचें देयक मात्र ह्या सर्व काळांत एक दिवसही उशिरा आलें नाहीं.

आम्हांस ह्या संस्थांचें एवढें अगत्य कां, असें नव्या पिढीच्या वाचकांस वाटेल. त्यांच्यासाठीं थोडा मागील इतिहास सांगणें जरूर आहे. लॉर्ड रिपन ह्यांनीं १८८२ सालीं स्थानिक स्वराज्याचा जो ठराव केला, त्यांत ह्या संस्था कारभार सुधारण्यापेक्षांही लोकांस राज्यकारभाराचें शिक्षण देण्यासाठीं हव्यात, अशी भूमिका होती. त्यापूर्वींच, १८७६ पासून कांहीं वर्षें, जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद होते. आणि व्हाइसरॉय लिटन ह्यांच्या स्वागतासाठीं लोकांचा पैसा उधळण्यास त्यांनीं केलेला विरोध प्रसिद्धच आहे. मुंबईस फिरोजशहा मेहता ह्यांनीं महानगरपालिकेच्या सभागृहांत जें काम केलें, त्यामुळें त्या नगराच्या कारभारास वळण लागलें; १८८८ चा मुंबईचा कायदा अनेक दुरुस्त्यांसह अद्यापि चालू आहे. नामदार गोखले पुणें नगरपालिकेचे अध्यक्ष होते. वल्लभभाई पटेल ह्यांनीं १९२४ पासून अहमदाबादची नगरपालिका सांभाळली. चित्तरंजन दास कलकत्त्याचे महापौर झाले. परकीय सत्तेखालीं, थोड्याशा अधिकारांत, ह्या थोर माणसांनीं गटारें, दिवे, शाळा व पाणी ह्यांचे हिशेब तपासले, आणि त्यांतूनच राज्य चालविण्याची विद्या मिळविली. संयुक्त महाराष्ट्र १ मे १९६० रोजीं अस्तित्वांत आला आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींस अनुसरून बरोबर दोन वर्षांनीं, १ मे १९६२ रोजीं, जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. लोकांच्या हातीं अधिकार देण्याची घाई त्या वेळच्या राज्यकर्त्यांस होती. आमच्या काळच्या राज्यकर्त्यांस तो परत देण्याचीही घाई नव्हती.

ज्यांच्या कारकीर्दींत हा खंड पडला, त्यांतील कित्येक याच शिडीनें वर चढले आहेत, ही गोष्ट तर विशेष विचार करण्यासारखी आहे. देवेंद्र फडणवीस १९९२ सालीं नागपूरचे नगरसेवक व १९९७ सालीं महापौर झाले. एकनाथ शिंदे १९९७ सालीं ठाण्याच्या महापालिकेंत निवडून आले. त्यापूर्वींच्या पिढींत मनोहर जोशी मुंबईचे महापौर होते, आर. आर. पाटील सांगलीच्या जिल्हा परिषदेंत होते, विलासराव देशमुख बाभळगांवचे सरपंच होते. पक्ष निराळे, पण शाळा एकच. ती शाळा चार-पांच वर्षें बंद राहिली म्हणजे पुढची एक तुकडीच नाहींशी होते. तिच्या जागीं मग कोण येतात? पुढाऱ्यांचे मुलगे, पुतणे व जांवई, आणि ज्यांच्याजवळ निवडणूक लढविण्याइतका पैसा आहे ते. सामान्य घरांतील हुशार मुलास किंवा मुलीस राजकारणांत शिरण्याचें जें एक लहानसें दार होतें, तेंच बंद झालें.

मुलीस, असें आम्ही मुद्दाम म्हटलें. महाराष्ट्रांत २०११ पासून ह्या संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखीव आहेत. जानेवारी २०२६ मध्यें २९ महानगरपालिकांच्या एकूण २,८६९ जागा होत्या. म्हणजे चौदाशेंहून अधिक जागांवर स्त्रिया बसावयाच्या. आम्ही नगरपिते म्हणतों खरें, परंतु निम्म्या नगरमाता आहेत. त्यांतील कांहीं जणी नुसत्या नांवाच्या, कारभार पतिराजांचा, अशी टीका होते आणि ती पुष्कळ ठिकाणीं खरी आहे. तथापि पोहणें पाण्यांत उतरल्यावांचून येत नाहीं. पहिल्या वर्षीं सभेंत तोंड न उघडणारी स्त्री तिसऱ्या वर्षीं अधिकाऱ्यास निविदेचा आंकडा विचारते, असें आपल्या पाहण्यांत आहे. हीं चार-पांच वर्षें ज्यांचीं हुकलीं, त्यांस तीं कोण परत देणार?

येथवर सरकारास बोललों. आतां आपल्या घरांकडे वळूं. १५ जानेवारीस इतक्या वर्षांनीं संधि मिळूनही मुंबईंत मतदान झालें तें निम्म्याहून थोडेंसेंच अधिक. शिकलेल्या वस्त्यांतील पुष्कळ लोक त्या दिवसाची सुटी घेऊन गांवीं किंवा थंड हवेच्या ठिकाणीं गेले. जो मालक वर्षांतून एकदांही पेढीवर पाऊल ठेवीत नाहीं, त्यास मुनीमानें विचारलें नाहीं म्हणून रागावण्याचा अधिकार कितीसा उरतो? ज्यांस नगरसेवकांच्या हलकटपणाचा तिटकारा आहे, त्यांनींच चांगला उमेदवार शोधून उभा केला पाहिजे, किंवा जो बरा असेल त्यास मत दिलें पाहिजे. नाकास पदर लावून दूर उभें राहिल्यानें मोरी स्वच्छ होत नाहीं.

मग करावयाचें काय? आमच्या मतें तीन गोष्टी कायद्यांत आल्या पाहिजेत. पहिली, प्रभागांच्या सीमा आंखण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे परत गेला पाहिजे. ज्यांस निवडणूक लढवावयाची त्यांनींच मैदान मोजूं नये. दुसरी, प्रभागपद्धति किंवा अध्यक्षांची निवड ह्यांत कोणताही बदल केल्यास तो लगेच येणाऱ्या निवडणुकीस लागू न होतां त्यापुढच्या निवडणुकीस लागू व्हावा. म्हणजे तात्कालिक लाभासाठीं नियम बदलण्याचा मोह आपोआप गळून पडेल. तिसरी, ठरल्या मुदतींत नव्या सीमा व आरक्षण तयार नसेल, तर मागील निवडणुकीच्याच सीमांवर व आरक्षणावर मतदान घ्यावें, असें कलम असावें. अखेरीस सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं आरक्षणापुरता मार्ग जवळजवळ हाच दाखविला. तो तीन वर्षें आधीं घेतला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

ह्या सूचना आम्ही आतांच कां करतों, ह्यास कारण आहे. जानेवारी २०२६ मध्यें झालेल्या निवडणुका २०११ च्या जनगणनेवर झाल्या. नवी जनगणना २०२७ ची आहे. तिचे आंकडे येतील, जागा वाढवाव्या लागतील, सीमा पुन्हां आंखाव्या लागतील, आणि आरक्षणाचें प्रमाण नव्यानें ठरवावें लागेल. महानगरांतील सभांची पांच वर्षांची मुदत २०३१ च्या पहिल्या कांहीं महिन्यांत संपते. म्हणजे मागच्या वेळीं ज्या ज्या कारणांनीं निवडणूक अडली, तीं सर्व कारणें त्या वर्षीं एकदम पुढें येणार, हें आजच दिसत आहे. हीं सर्व कामें २०२९ अखेर हातावेगळीं झालीं तरच वेळेवर मतदान होईल. नाहींतर पुन्हां वटहुकूम, पुन्हां स्थगिति आणि पुन्हां प्रशासक.

तेव्हां आमच्या वाचकांस एवढेंच सांगणें आहे कीं, आपापल्या शहराच्या नव्या सभेची पहिली बैठक कोणत्या दिवशीं भरली ही तारीख शोधून काढावी, आणि त्यापुढें पांच वर्षें मोजून ती घरांतील हिशेबाच्या वहींत, विम्याच्या व कर्जाच्या हप्त्यांच्या तारखा जेथें लिहितों तेथेंच, लिहून ठेवावी. दरवर्षीं आपल्या आमदारास एक पत्र लिहून विचारावें कीं, ह्या तारखेची तयारी कोठवर आली. पत्र एकट्यानें लिहिलें तर तें टोपलींत जाईल. एका आळींतील पन्नास घरांनीं लिहिलें तर आमदार उत्तर देईल, कारण त्यालाही मतांची भीति आहे. आपल्या आईबापांनीं आपल्याला घर, शेत, दागिने काय दिलें असेल तें असो. निवडून देण्याचा हा हक्क मात्र त्यांच्या आधींच्या चार पिढ्यांनीं अर्ज-विनंत्या करून, सभा भरवून व तुरुंगवास सोसून मिळविलेला आहे. २०३१ सालीं तो वेळेवर बजावतां येईल कीं नाहीं, हें ठरविणारीं वर्षें हींच आहेत.